देश मोजणारा कर्नल लॅम्बटन

नागपूरच्या दक्षिणेला सुमारे पाऊणशे किलोमीटरवर हिंगणघाट आहे. कापसाच्या बाजारामुळे पांढुर्णा-सौंसर भागातील शेतकऱ्यांना ते गाव नवे नाही. पण कर्नल विल्यम लॅम्बटन यांची कबर तिथे आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. विद्यार्थी मित्रहो, या अंकात आम्ही त्यांचीच ओळख करून देत आहोत.

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये साध्या घरात झाला. सैन्यात शिरल्यावर त्यांची बरीच वर्षे कॅनडाकडच्या प्रांतात बराकींची देखरेख करण्यात गेली. रिकाम्या वेळी ते गणित आणि तारे यांतच रमत. सूर्यग्रहण पाहताना त्यांचा एक डोळा अधू झाला. पुढचे सारे आयुष्य या माणसाने दुर्बिणीला डोळा लावून काढले, याचे आम्हाला फार नवल वाटते.

चाळिशी उलटल्यावर ते भारतात आले. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात पलटण वाट चुकून शत्रूच्या दिशेने चालली होती. ताऱ्यांवरून ते लॅम्बटन यांनी ओळखले. लढाई संपताच त्यांनी सरकारपुढे योजना मांडली, की साऱ्या दक्षिण भारतावर त्रिकोणांचे जाळे टाकून प्रत्येक बिंदूची जागा अचूक ठरवावी. एवढा खर्च कशाला, श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की झाले, अशी थट्टा मद्रासच्या एका अधिकाऱ्याने केली म्हणतात.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पहिली रेषा मोजायला सुरुवात झाली. लांबी साडेसात मैल, साखळी शंभर फुटांची, दिवस लागले ५७. पुढे फक्त कोन मोजायचे आणि गणिताने अंतरे काढायची. कोन मोजणारे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर चढवताना ते भिंतीवर आदळून वाकले. लॅम्बटन यांनी स्वतःला कोंडून घेऊन सुमारे सहा आठवड्यांत आपल्या हातांनी ते सरळ केले.

खरी अडचण मात्र पुढेच होती. प्रत्येक बिंदूला तीन माप असतात : अक्षांश, रेखांश आणि उंची. अक्षांश दोन रीतींनी काढता येतो, त्रिकोणांवरून आणि डोक्यावरच्या ताऱ्यावरून. दुसऱ्या रीतीत सरळ वर म्हणजे कुठे, हे ओळंबा सांगतो. गवंड्याच्या हातात असतो तोच. पण जवळ डोंगर असला तर तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. बिंदू जितका डोंगराजवळ तितकी ओढ जास्त. लॅम्बटन यांना बंगळूरकडे हिशेब जुळेना, तेव्हा जमिनीखाली जड खडक असावा असा त्यांना संशय आला.

आज वास्तुकलेचे विद्यार्थी राइनो-ग्रासहॉपरसारख्या संगणक प्रणालीत हाच प्रकार मुद्दाम करतात. पडद्यावर आडव्या-उभ्या-खोल ओळींत बिंदूंची जाळी मांडायची, एक आकर्षक बिंदू ठेवायचा. संगणक प्रत्येक बिंदूचे त्यापासूनचे अंतर काढतो आणि जवळच्याला जास्त, दूरच्याला कमी सरकवतो. जाळी फुगते, वाकते, सुंदर छत तयार होते. किती सरकवायचे हा नियम तिथे आपण ठरवतो. निसर्गात तो वस्तुमान आणि अंतर ठरवतात. लॅम्बटन यांचे गणित उलटे होते. जाळी सरकलेली दिसत होती आणि ओढणारा कुठे दडला आहे, ते शोधायचे होते.

हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. वय सत्तरच्या आसपास होते. त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी रेषा उत्तरेकडे नेली. वऱ्हाडातील टाकलखेडा नावाच्या ठाण्यावर त्यांनाही तीच शंका आली. उत्तरेला डोंगर उभे होते, म्हणजे आपला सातपुडाच. पांढुर्ण्याहून उत्तरेकडे पाहिले, किंवा सौंसरहून सिलेवानी घाट चढला, की जे डोंगर लागतात ती हीच रांग. हे डोंगर ओळंबा ओढत असावेत, असा हिशेब एव्हरेस्ट यांनी मांडला.

पुढे सिरोंजजवळील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या ठाण्यांमध्ये दोन रीतींच्या उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक आला. जमिनीवर तो सुमारे १६० मीटर होतो. हिमालयाच्या ओढीने तो पडला असेल म्हणून कलकत्त्याचे धर्मगुरू प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिशेब केला, तर उत्तर १५.८८५ विकला आले. हिमालय असायला हवा तितका ओढतच नव्हता. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उलगडा सुचवला : पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याप्रमाणे पर्वताचाही मोठा भाग खाली बुडालेला असतो, आणि ते मूळ भोवतालच्या खडकापेक्षा हलके असते.