रंगो बापूजी गुप्ते

रंगो बापूजी गुप्ते हे साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांचे लंडनमधील वकील होते. रोहिडखोऱ्यातील दादाजी नरसप्रभू यांचे ते वंशज. पोर्तुगिजांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनी सरकारने १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविले. उघड चौकशीत राजांची बाजू ऐकली गेली नाही, ही मुख्य तक्रार होती.

दाद मागण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले व १८५३ पर्यंत तेथेच राहिले. पार्लमेंट त्या काळी एखाद्या व्यक्तीपुरता कायदा करूनही तिला दिलासा देऊ शकत असे; हिंदी राजाच्या वकिलाला मात्र आधी कंपनीच्या संचालकांचेच दार गाठावे लागले. भागधारकांच्या सभांत आणि जोसेफ ह्यूम यांच्यामार्फत कॉमन्स सभागृहात हे गाऱ्हाणे मांडले गेले. १८४७ मध्ये प्रतापसिंह वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. तरी त्यांनी दावा सोडला नाही. धनीच उरला नसताना ही चिकाटी विरळाच म्हणावी लागेल. न्याय मिळाला नाही.

१८५७ मध्ये साताऱ्यातील उठावाच्या सिद्धतेत त्यांचा पुढाकार होता. पुत्र सीताराम यांच्यासह १७ जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर देहान्त शिक्षा झाली. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.