चौथ्या दिवसाचा ताप आणि गॉल्जी

शाळेत पेशीची आकृती काढून आपण सगळ्यांनीच मार्क मिळवले आहेत. तिच्यात एकावर एक चपात्या ठेवल्यासारखा एक भाग असायचा. त्याला आपण गॉल्गी बॉडी म्हणायचो. हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं! नाव कामिल्लो गॉल्जी. पण मी लिहिणार आहे ते त्यांच्या दुसऱ्याच कामाबद्दल, मलेरियाबद्दल.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी. डॉक्टरकीशी माझा संबंध ताप आला की गोळी घेण्यापुरता. तरीही हा माणूस मला आपल्यातला वाटतो, कारण त्यांचं काम मोजमापाचं होतं.

गॉल्जी यांचा जन्म ७ जुलै १८४३ रोजी उत्तर इटलीतल्या कोर्तेनो या डोंगराळ गावी झाला. वडील डॉक्टर. पाविया विद्यापीठातून १८६५ मध्ये तेही डॉक्टर झाले. संशोधनाची आवड होती, पण पोटापाण्याचं काय? १८७२ मध्ये आब्बियातेग्रास्सोच्या, जुनाट आजारांच्या रुग्णालयात त्यांनी नोकरी धरली. तिथे प्रयोगशाळा नव्हती. मग स्वयंपाकघरातच मायक्रोस्कोप मांडला! मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की मोजक्याच चेतापेशी पूर्ण काळ्या होऊन उठून दिसतात, हे त्यांनी १८७३ मध्ये जाहीर केलं. पुढे ते पावियात प्राध्यापक झाले.

तिकडे अल्जेरियात ६ नोव्हेंबर १८८० रोजी लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना तापाच्या रुग्णाच्या रक्तात जिवंत परजीवी दिसला होता. अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. गॉल्जींनी मात्र रोममध्ये मार्क्याफावा आणि चेल्ली यांचं काम पाहिलं आणि १८८५ मध्ये ते स्वतः या प्रश्नात उतरले.

पाविया हा भातशेतीचा, पाणथळ भाग. तिथे दोन तऱ्हेचे ताप यायचे. एक दिवसाआड येणारा आणि दोन दिवस सोडून येणारा. आपल्या आयुर्वेदातही तृतीयक आणि चतुर्थक ज्वर असे प्रकार सांगितलेच आहेत. पण एकच रोग दोन तऱ्हेने येतो, की रोगच दोन आहेत?

गॉल्जींनी काय केलं? दोन दिवस सोडून ताप येणाऱ्या रुग्णाचं रक्त एकदाच तपासून ते थांबले नाहीत. ते पुन्हा पुन्हा तपासलं आणि तापाच्या वेळांशी जुळवून पाहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर योग्य सॅम्पलिंग केलं! ताप उतरल्यावर तांबड्या पेशीत परजीवी बारीक दिसे. मग तो वाढत जाई, पेशी भरून टाकी आणि शेवटी फुलाच्या पाकळ्यांसारखे त्याचे ६ ते १२ तुकडे पडत. पेशी फुटून ते बाहेर पडले की रुग्णाला हुडहुडी भरे. पूर्ण चक्र ७२ तासांचं. एक दिवसाआड येणाऱ्या तापात ते ४८ तासांचं निघालं, आणि परजीवीही वेगळा दिसला. म्हणजे रोग दोन!

आणखी गंमत पुढेच आहे. ७२ तासांच्या परजीवीच्या तीन पिढ्या एकेका दिवसाच्या अंतराने रक्तात असतील, तर ताप रोज येतो. हा सरळसरळ फेज डिफरन्स झाला की नाही? कोणत्या अवस्थेवर क्विनाइन चांगलं लागू पडतं, हेही त्यांनी अभ्यासलं. पुढे १८९० मध्ये ग्रास्सी आणि फेलेत्ती यांनी या दोघांना व्हायव्हॅक्स आणि मलेरी ही नावं दिली.

आता म्हणाल, या जुन्या गोष्टीचा आज काय उपयोग? आपल्याकडे मुख्यतः फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स हेच मलेरिया आढळतात, आणि गावोगावी वापरली जाणारी झटपट चाचणीची पट्टी या दोघांनाच शोधते. मलेरी कमी आढळतो. रक्तात त्याची संख्याही थोडी असते, त्यामुळे तो सहज निसटतो. पण तो अनेक वर्षं अंगात टिकू शकतो आणि मूत्रपिंड बिघडवू शकतो.

दुसरं उदाहरण बोर्निओतलं. तिथल्या सारावाकमध्ये मलेरी म्हणून नोंदलेले बरेच रुग्ण प्रत्यक्षात माकडांमधल्या नोलेसी या परजीवीचे होते, हे २००४ मध्ये जाहीर झालं. मायक्रोस्कोपखाली दोघे जवळपास सारखे दिसतात. पीसीआर चाचणीने भेद उघड झाला. नोलेसीचं चक्र फक्त २४ तासांचं. त्यामुळे तो रक्तात झपाट्याने वाढतो आणि जिवावर बेतू शकतो. म्हणजे किती तासांनी, हा गॉल्जींचा प्रश्न अजूनही जुना झालेला नाही.

पेशीतली ती चपात्यांची चळत गॉल्जींना १८९८ मध्ये दिसली. १९०६ चं नोबेल त्यांना मज्जासंस्थेवरच्या कामासाठी काहाल यांच्याबरोबर विभागून मिळालं. गंमत म्हणजे काहाल यांनी गॉल्जींचीच पद्धत वापरून चेतापेशी सुट्या असतात हे दाखवलं होतं. ते गॉल्जींना कधीच पटलं नाही. तापाच्या बाबतीत डोळ्यांना दिसलं ते मानणारा हा माणूस मेंदू म्हणजे अखंड जाळं, या कल्पनेला मात्र धरून बसला. मलेरियाच्या कामाची नोबेलं रॉस यांना १९०२ मध्ये आणि लाव्हरांना १९०७ मध्ये मिळाली. गॉल्जी २१ जानेवारी १९२६ रोजी पावियातच वारले.

मला यातून एक गोष्ट पटली. यंत्र आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. निगेटिव्ह याचा अर्थ काहीच नाही असा नव्हे, जे शोधलं ते सापडलं नाही एवढाच. तेव्हा दोस्तांनो, पावसाळ्यात रूममेटला थंडी वाजून ताप आला, चाचणी निगेटिव्ह आली आणि ताप पुन्हा आला, तर नुसत्या पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. तापाची वेळ वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि ते पान घेऊन त्याला लगेच डॉक्टरकडे न्या. रक्ताची काच पुन्हा तपासायची का, असं विचारायला लाजू नका. सबमिशन काय, एक दिवस उशिरानेही होतं!