पहाटे तीनला सुरू होणारा दिवस : लातूरच्या हरिश्चंद्र बिराजदार मामांची गोष्ट

साल १९६९. लातूर त्यावेळी जिल्हा नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातलं आडत बाजाराचं मोठं गाव, एवढीच त्याची ओळख. त्या वर्षी महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन या लातुरात भरलं. आधीची सलग दोन वर्षं चंबा मुतनाळ यांनी किताब मारला होता आणि कुस्ती म्हटलं की लोकांच्या तोंडी कोल्हापूर, सांगली, सातारा हीच नावं यायची. मराठवाड्याचा पैलवान राज्याच्या किताबाला हात लावेल, असं पैजेवर सांगायला फारसं कुणी धजावलं नसतं.

त्या मैदानात महाराष्ट्र केसरी झालेल्या पोराचं वय अजून विशीच्या आत होतं. नाव हरिश्चंद्र बिराजदार. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. म्हणजे औशाच्या लागूनचा तालुका. घरच्या लोकांसमोर, घरच्या मातीत पोरानं राज्य जिंकलं होतं.

या गावाच्या पत्त्याचीही एक गंमत आहे. हरिश्चंद्रचा जन्म १९५०चा. तेव्हा निलंगा तालुका हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. १९५६ला भाषेनुसार राज्यं बदलली आणि तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ला लातूर जिल्हा वेगळा झाला. एका जागी बसून या भागातल्या माणसांनी तीन जिल्हे बघितले. पाऊस मात्र तेवढाच राहिला, बेभरवशाचा. ज्वारी आणि तुरीचं रान, काळी भारी जमीन, आणि जत्रेच्या दिवसांत गावोगाव घुमणारी हलगी.

या भागातल्या बहुतेक पोरांची कुस्ती जत्रेतच सुरू व्हायची. दुपारी आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या लागतात. जिंकलेल्या पोराला कुणीतरी खांद्यावर घेतं, कुणी रुपया हातात देतं. ज्याच्या अंगात रग दिसते त्याच्याकडं गावातली जुनीजाणती मंडळी लक्ष ठेवतात. मग कधीतरी पारावर विषय निघतो की याला कोल्हापूरला धाडला पाहिजे.

हे बोलायला सोपं होतं. त्या काळी लातूरहून मिरजेपर्यंत बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी धावायची. कुर्डुवाडी, पंढरपूर करत ती निवांत मिरजेला पोचायची आणि तिथून पुढं कोल्हापूर. निलंग्याकडच्या माणसाला हा अख्ख्या महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा प्रवास वाटायचा. पण शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान बांधलं, आणि तेव्हापासून ज्याला मोठा पैलवान व्हायचंय त्याची वाट कोल्हापूरच्या तालमीतच जायची. हरिश्चंद्रही त्याच वाटेनं गेला.

आता तालमीतला एक दिवस कसा असायचा ते बघा, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

पहाटे तीन-साडेतीनला वस्ताद उठवतो. थंडी असो की पाऊस, अंगावर लंगोट. आधी हौदा खणायचा. हौदा म्हणजे तालमीतला मातीचा आखाडा. फावड्यानं ती सगळी माती खालीवर करायची, ढेकळं फोडायची. निम्मा घाम इथंच निघतो. ही माती काही शेतातून उचलून आणून टाकलेली नसते. चाळलेल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवलेली असते. त्यानं माती मऊ राहते, खरचटलं तर जखम चिघळत नाही असा पैलवानांचा अनुभव. हौदा तयार झाला की मारुतीरायाला नमस्कार करून मेहनत सुरू. तालमीत व्यायामाला मेहनतच म्हणतात.

जोर शेकड्यांत आणि बैठका हजारांत मोजायच्या. मग सपाटे, दोर चढणं, मुद्गल फिरवणं. एवढं झाल्यावर लढत. एका जोडीदाराशी लढून झालं की दुसरा ताजा गडी अंगावर येतो, तो दमला की तिसरा. वस्ताद काठावर उभा. पट काढताना मान खाली गेली, हाताचा पाय धरायला उशीर झाला, की त्याची हाक येते आणि तोच डाव परत. दिवस उजाडेपर्यंत पैलवान ओळखू येत नाही इतका मातीनं माखलेला असतो. पैलवानांचे कान मोडलेले, फुगलेले दिसतात ना, ते याच लढतींत. समोरच्याच्या डोक्याशी, हाताशी घासून घासून कानात रक्त साकळतं आणि ते तसंच घट्ट होतं.

नंतर खुराक. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची कुंडीत सोट्यानं घोटून केलेली थंडाई. तूप, अंडी, मटण. कोल्हापुरात गंगावेशीसारख्या ठिकाणी कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून देतात, ते धारोष्ण दूध. खाणं झालं की झोप. ही झोप आळसाची नसते, ती मेहनतीचाच भाग असते. उठल्यावर एकमेकांचं अंग चेपायचं, मालिश करायची. आणि चार वाजले की पुन्हा लंगोट, पुन्हा मेहनत. रात्री लवकर दिवा बंद. सिनेमा नाही, बाजारात फिरणं नाही, ब्रह्मचर्य कडक. जेवण बहुतेक वेळा पोरंच रांधायची. नवीन पोरगा असेल तर थोरल्या पैलवानांची भांडी घासणं, त्यांच्यासाठी थंडाई घोटणं हेही त्याच्याच वाट्याला.

असं एक-दोन महिने कुणीही करेल. हे वर्षानुवर्षं करायचं असतं. कुस्तीचा हंगाम साधारण सुगीनंतरच्या जत्रांचा. पावसाळ्यात मैदानं बंद, त्यामुळं ते महिने निव्वळ मेहनतीचे. समोर ना प्रेक्षक ना इनाम. पुष्कळ पोरं इथंच गळतात.

आणि जी गळत नाहीत ती खुराकाच्या खर्चानं गळतात. पैलवान पोसावा लागतो, असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. घरून तूप, बदामाचे पैसे येत राहिले पाहिजेत. मैदान मारलं की इनाम मिळतं, पण एक दुखापत झाली, गुडघा गेला, की इनाम बंद आणि खुराक चालूच. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हा हिशोब कसा बसवत असतील याचा विचार केला, तर लातूरच्या त्या मैदानात १९६९ला लोक एवढे का वेडे झाले असतील ते समजतं. तो किताब एका गड्याचा होता खरा, पण त्यात भागातल्या कितीतरी घरांचं न फळलेलं तूप-बदाम होतं.

महाराष्ट्र केसरी झाल्यावर पुष्कळ पैलवान जत्रांची मैदानं करतात, मोठ्या बिदाग्या घेतात. बिराजदारांच्या बाबतीत पुढच्याच वर्षी एक वेगळं मैदान समोर आलं. स्कॉटलंडमधलं एडिंबरा. जुलै १९७०, राष्ट्रकुल स्पर्धा.

मातीतला मोठा पैलवान म्हणजे मॅटवरचाही मोठा, हा समज किती खोटा आहे हे आपल्या लोकांना तोपर्यंत अनुभवानं कळलं होतं. ऑलिंपिकमध्ये पदक आणणारे खाशाबा जाधवसुद्धा १९४८ला लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना नवीन होती. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं, पण त्यासाठी मधली चार वर्षं घासावी लागली.

फरक नेमका काय, तर मातीत पायाची बोटं रुतवून उभं राहता येतं. मॅटवर पायात बूट आणि खाली रबरी पृष्ठभाग, तिथं तोल वेगळा सांभाळावा लागतो. मातीत समोरच्याच्या जांगियाला धरून डाव टाकता येतो. मॅटवर कपड्याला हात लावायची सोय नाही. मातीतली कुस्ती निकाली असते. पाठ लागेपर्यंत चालली तर तासभरही चालते, त्यामुळं तिथं गडी अंदाज घेत, खडाखडी करत थांबू शकतो. मॅटवर घड्याळ चालू असतं आणि एकेका गुणाचा हिशोब लागतो. आणि सगळ्यात अवघड गोष्ट वजनाची. तालमीतला सगळा खुराक अंग भरण्यासाठी असतो, कारण मैदानात जोड लावताना भरीव गडी लागतो. राष्ट्रकुलात वजनगट. किलोभर जास्त भरलात तर घरी जा. वर्षानुवर्षं वाढवलेलं शरीर आता मोजून-मापून धरून ठेवायचं. म्हणजे रोजचा दिवसच बदलायचा.

विशीतल्या बिराजदारांनी ते जमवलं. ८२ किलो गटात त्यांनी सुवर्णपदक मारलं. त्या स्पर्धेत भारताला एकूण पाच सुवर्णपदकं मिळाली आणि पाचही कुस्तीतली. त्यातलं एक निलंगा तालुक्याचं.

पण आज कुणी त्या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी काढून बघितली, तर बिराजदार हे नाव सापडत नाही. ८२ किलोच्या पुढं भारताच्या विजेत्याचं नाव हरिश्चंद्र राजिंद्र असं दिसतं. इंग्रजीत लिहिताना कुठंतरी बिराजदारचं राजिंद्र झालं आणि ते तसंच यादीतून यादीत उतरत गेलं. आपल्याकडंही त्या पदकाचा फार बोलबाला झाला नाही. महाराष्ट्र केसरी हा शब्द लहान पोरालाही कळतो, राष्ट्रकुलचं ८२ किलो कुणाला समजावून सांगायचं! कुस्तीशौकिनांच्या या सवयीनं आपलं नुकसानच केलं.

१९७२ला बिराजदार रुस्तम-ए-हिंद झाले. हे तेच साल, ज्या साली मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ पडला होता आणि माणसं खडी फोडायला जात होती. पुढं त्यांनी दिल्लीच्या सतपाललाही हरवलं. गुरु हनुमानांच्या आखाड्याचा हा धिप्पाड मल्ल त्या काळात महाराष्ट्राच्या पैलवानांना जड जायचा. पुढं १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यानं सुवर्णपदक घेतलं. त्याला पाडणारा माणूस म्हणून बिराजदारांचं नाव कुस्तीशौकिनांच्या तोंडी कायमचं बसलं.

खेळायचे दिवस संपल्यावर पैलवानाचं काय होतं, हा आपल्याकडचा दुखरा विषय आहे. मेहनत थांबते, खुराकाची सवय थांबत नाही, आणि शरीर सुटतं. कुणी राजकारणात जातो, कुणी शेती बघतो, कुणाची परवड होते. बिराजदार पुण्याला गेले आणि गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवायला लागले. आता ते पोरांचे मामा होते. सगळ्या महाराष्ट्राची कुस्ती त्यांना मामा म्हणायला लागली.

दिवस पुन्हा पहाटेच सुरू व्हायचा. फक्त आता ते हौद्याच्या काठावर होते. मातीतून निघून मॅटवर जिंकायला काय लागतं हे स्वतःच्या अंगावर काढलेला वस्ताद पोरांना मिळाला होता, आणि असे वस्ताद तेव्हा महाराष्ट्रात मोजकेच. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले, आंतरराष्ट्रीय मॅटवर चमकले आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. मराठवाड्यातल्या पैलवानाला आता पुण्यात आपल्या बोलीत बोलणारं माणूस होतं. घर सोडून आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरासाठी ही गोष्ट बदामापेक्षा कमी नव्हती.

अशाच पोरांत एक होता बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचा राहुल आवारे. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पोराचं कसब बघून त्यांनी त्याला मामांच्या हवाली केलं. मामांनी त्याला माती दाखवली आणि मॅटही. हलका, चपळ गडी. महाराष्ट्र केसरीच्या अंगापिंडाचा तो कधीच होणार नव्हता. जुन्या वळणाच्या वस्तादानं कदाचित त्याला खाऊ घालून मोठा करायचा प्रयत्न केला असता. मामांना मात्र वजनगटाची किंमत ठाऊक होती.

केंद्र सरकारनं मामांना ध्यानचंद पुरस्कार दिला, जो खेळातल्या आयुष्यभराच्या कामगिरीसाठी असायचा. सप्टेंबर २०११मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ६१. तालमीतली पोरं पोरकी झाली. राहुल पुढं काका पवारांकडं सराव करायला लागला. म्हणजे मामांचीच शिकवण, फक्त हात बदलला.

२०१८च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. ५७ किलोच्या फायनलमध्ये राहुलनं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला हरवून सुवर्णपदक घेतलं. एडिंबराच्या त्या पदकाला ४८ वर्षं होत आली होती. राहुलनं पदक मामांना अर्पण केलं.

त्या स्पर्धेच्या यादीत राहुल आवारे हे नाव बरोबर लिहिलेलं आहे. १९७०ची यादी उघडली तर तिथं आजही राजिंद्रच दिसतं.