पी. आर. पिशारोटी

पिशारोथ रामा पिशारोटी (१० फेब्रुवारी १९०९ – २४ सप्टेंबर २००२) हे भारतीय हवामानशास्त्रज्ञ होते. भारतातील सुदूर संवेदनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

त्यांचा जन्म केरळातील कोल्लंगोड येथे झाला. भौतिकशास्त्राच्या अध्ययनानंतर बंगळूर येथे सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काही काळ संशोधन केले व १९४२ मध्ये भारतीय हवामान खात्यात प्रवेश केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाची (लॉस एंजेलिस) डॉक्टरेट त्यांना १९५४ मध्ये मिळाली. कुलाबा व अलिबाग वेधशाळांचे ते संचालक होते. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक होत.

मोसमी पावसाचे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रातूनच येते, असे मत त्यांनी १९६५ मध्ये मांडले. पुढील मोजमापांत विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या बाष्पाचा वाटा अधिक दिसून आला. तथापि या प्रश्नाला आकड्यांच्या कसोटीवर आणण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

सुदूर संवेदन

१९६७ मध्ये निवृत्तीनंतर विक्रम साराभाई यांच्या निमंत्रणावरून ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. नारळाच्या बागांना ‘रूट विल्ट’ रोगाने ग्रासले होते. पिशारोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर केरळातील बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, म्हणून अशा चित्रात ते तांबडे दिसते. आजारी झाडाचा रंग फिका पडतो. जमिनीवरून रोग ओळखू येण्यापूर्वीच तो आकाशातून टिपता आला. भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो.

पिकांच्या हंगामाचा उपग्रहीय अभ्यास याच तत्त्वावर चालतो. एकाच शेताची चित्रे ठरावीक दिवसांनी घेतली, की उगवण, भर आणि काढणी यांचा आलेख मिळतो. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात हे वाचन सोपे नाही. रब्बी ज्वारी पेरणीपासून काढणीपर्यंत एकच चढउतार दाखवते; द्राक्षबाग मात्र एप्रिलच्या खरड छाटणीने आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीने वर्षातून दोनदा उघडी पडते. खरिपात ढग आड येतात. १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदू ७२.५ मीटर, म्हणजे सुमारे ५,२५६ चौरस मीटरचा होता. एकराची (सुमारे ४,०४७ चौरस मीटर) बाग त्यात शेजारच्या शेतासह मिसळून जाई. पुढील उपग्रहांनी ही अडचण बरीच कमी केली.

उत्तरकाल

१९७० मध्ये त्यांना पद्मश्री व १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेचे आयएमओ पारितोषिक मिळाले. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे १०० तासांतच देशाचा बहुतेक पाऊस पडून जातो, म्हणून तो पडेल तेथेच साठवला पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन पाणलोट क्षेत्रात काम करणाऱ्यांनी उचलून धरले. पर्जन्यछायेतील तासगावसारख्या तालुक्यांना ते विशेष लागू पडते. पुणे येथे वयाच्या त्र्याण्णवव्या वर्षी त्यांचे निधन झाले.