निःशस्त्र पाहुणा

रशियन प्रवासी मिक्लुखो-माक्लाय (१८४६–१८८८) सप्टेंबर १८७१ मध्ये न्यू गिनी बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला. गावात शिरताच बाण सुटले, भाले रोखले गेले. हाती शस्त्र नव्हते, भाषाही येत नव्हती. तिथलीच एक चटई ओढून तो स्वस्थ झोपी गेला! जागा झाला तेव्हा भोवतीची माणसे हत्यारे टाकून सुपारी चघळीत बसली होती.

पंधरा महिने तो तिथे राहिला. खानापूरच्या रानातल्या हिवतापाच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना त्याचे हाल सांगायला नकोत. ताप अंगात असतानाही तो त्यांचे शब्द टिपून घेई, रोग्यांना औषध देई. पापुआ लोक मनुष्यजातीच्या खालच्या पायरीवरचे, असे तेव्हा युरोपातले कित्येक पंडित मानीत. माक्लायने त्यांच्यात राहून ते मत खोडून काढले.

१८७६ साली तो पुन्हा तिथे गेला. पुढे मळेवाले नि माणसांचे व्यापारी यांच्यापासून या लोकांना वाचवावे म्हणून त्याने सरकारांकडे अर्ज केले. सारे व्यर्थ! १८८४ मध्ये जर्मनीने तो मुलूख बळकावला. चारच वर्षांनी, वयाच्या ४१व्या वर्षी, माक्लाय सेंट पीटर्सबर्गला वारला. पुढे जर्मन राज्यही गेले. त्या किनाऱ्याच्या ‘राय’ या नावात मात्र माक्लायच्याच नावाचा अपभ्रंश आजही नांदतो आहे.