सरफोजी महाराज आणि तंजावरची छत्रे

महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या खोऱ्यात मराठी भाषा नांदवणाऱ्या तंजावरच्या भोसले घराण्यात दुसरे सरफोजी महाराज यांचे स्थान आगळे आहे. त्यांचा जन्म १७७७ सालचा. १७८७ मध्ये तुळजाजी महाराजांनी त्यांना दत्तक घेतले. पण त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. बाल सरफोजींना श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा आधार लाभला. पुढील शिक्षण मद्रासेत झाले. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि लगेच १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रज कंपनीकडे गेला. महाराजांच्या हाती उरला तो किल्ला, तनखा आणि महसुलाचा काही हिस्सा.

सत्ता गेल्यावर राजाने करावे तरी काय? महाराजांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून आग्रह धरला तो रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांसाठी. ही छत्रे म्हणजे नुसती अन्नछत्रे नव्हेत. तेथे आजारी वाटसरूंना वैद्य भेटे, गर्भवतींची शुश्रूषा होई, अनाथ मुलांना आसरा आणि गुरुजी मिळत. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे त्यांतील नामांकित. निवारा, उपचार आणि विद्या एकाच छपराखाली नांदत.

तंजावरच्या धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यकाचा शोध चाले. अनुभवास उतरलेली औषधे तमिळ पद्यांत ग्रंथबद्ध झाली. नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केली आहेत. रोगी समोर ठेवूनच विद्या पारखावी, ही दृष्टी त्यांत दिसते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. अपंगास किंवा दुखण्यातून उठलेल्यास नित्याची कामे पुन्हा स्वतः करता यावीत, हे या शास्त्राचे ध्येय. त्याच्या विद्यार्थ्यांना आज रुग्णालयाबाहेर वस्तीत व खेड्यांतही पाठवतात. कारण रोग्याचा उंबरठा, चूल आणि विहीर पाहिल्यावाचून त्याची अडचण उमगत नाही. छत्रांत असे शिक्षण होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु विद्येने गरजवंताच्या वाटेवर जाऊन बसावे, हा विचार दोहोंत एकच आहे, असे आम्हांस वाटते.

महाराज ७ मार्च १८३२ रोजी कैलासवासी झाले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी महाराज निवर्तले आणि राज्यही लयास गेले. तरी त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते ग्रंथांमुळे आणि छत्रांमुळे. परमुलुखी राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना, सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी, याहून मोठा वारसा कोणता सांगावा?