चार शहरे आणि एक प्रमाणपत्र

चित्रपटगृहातील दिवे मालवले की पडद्यावर प्रथम येते ते सरकारी प्रमाणपत्र. बहुतेक प्रेक्षकांचे त्याकडे लक्षही नसते. २०२३ साली चित्रपटविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन, पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या 'यूए' वर्गाचे ७, १३ आणि १६ या वयांनुसार तीन भाग पाडण्यात आले. मुलाने काय पाहावे याचा निर्णय पालकांना अधिक सुजाणपणे घेता यावा, ही योजना स्वागतार्हच आहे. परंतु वर्गवारीचा निर्णय चुकला तर दाद कोणाकडे मागावयाची, हा जुना प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. तो प्रश्न प्रथम सर्वोच्च न्यायालयाच्या दारी नेणाऱ्या ख्वाजा अहमद अब्बास यांचे स्मरण म्हणूनच या निमित्ताने उचित ठरते.

अब्बास यांचा जन्म ७ जून १९१४ रोजी पानिपतला झाला. उर्दू कवी हाली यांच्या वंशातला हा तरुण अलीगढला शिकला आणि १९३५ साली मुंबईस येऊन 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये दाखल झाला. पुढे 'ब्लिट्झ'च्या अखेरच्या पानावरील त्यांचे सदर वाचकांच्या पिढ्यांनी वाचले. पत्रकारितेचा हा पिंड त्यांच्या चित्रपटांतही उतरला. १९४३च्या बंगालच्या दुष्काळावरील 'धरती के लाल' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९४६ साली आला. 'आवारा' व 'श्री ४२०' यांच्या लेखनामुळे राज कपूर यांच्या यशात त्यांचा वाटा मोठा राहिला. पण इतरांसाठी लिहून मिळालेले द्रव्य ते स्वतःच्या, गल्ला न भरणाऱ्या चित्रपटांत घालीत राहिले. मुंबईच्या बेघरांची कथा सांगणाऱ्या १९६३च्या 'शहर और सपना'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. गोवामुक्तीच्या लढ्यावरील 'सात हिंदुस्तानी' १९६९ साली आला. अमिताभ बच्चन यांचे पडद्यावरील पदार्पण त्याच चित्रपटातून झाले, हे सर्वश्रुत आहे.

याच सुमारास त्यांनी एक छोटा कृष्णधवल माहितीपट तयार केला. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील ऐश्वर्य आणि ते ज्यांच्या श्रमावर उभे राहिले त्या माणसांचे दैन्य यांतील विरोध त्यात दाखविला होता. 'चार शहर एक कहानी' हे त्याचे नाव. मुंबईच्या वेश्यावस्तीचे एक अल्प दृश्य त्यात होते. त्यावर बोट ठेवून सेन्सॉरने सर्वांसाठीचे 'यू' प्रमाणपत्र नाकारले व केवळ प्रौढांसाठीचे 'ए' प्रमाणपत्र देऊ केले. फेरतपासणीतही तोच निर्णय कायम राहिला. केंद्र सरकारकडे अपील केल्यावर वेश्यावस्तीचा भाग कापल्यास 'यू' मिळेल, असे उत्तर आले.

येथे दुसरा एखादा निर्माता थांबला असता. काही फूट फिल्म कापून मोकळे होणे व्यवहाराला धरून झाले असते. अब्बास यांनी मात्र घटनेच्या ३२व्या अनुच्छेदान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. खटला उभा राहताच सरकारने पवित्रा बदलला आणि कोणतीही काटछाट न करता 'यू' प्रमाणपत्र देण्याची तयारी दर्शविली. हाती हवे ते पडले होते. तरीही अब्बास यांनी लढा सोडला नाही. अर्जात दुरुस्ती करून त्यांनी प्रश्न आपल्या एका माहितीपटापुरता न ठेवता साऱ्या व्यवस्थेचा केला. त्यांचे मुद्दे चार होते. प्रदर्शनापूर्वीचे नियंत्रण मुळातच असू नये. असलेच तर ते स्पष्ट तत्त्वांवर चालावे. निर्णयाला कालमर्यादा असावी. आणि अपील सरकारकडे न जाता न्यायालयाकडे वा स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जावे.

२४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. चित्रपटाचा मनावरील परिणाम इतर कलांहून अधिक खोल असतो, विशेषतः कोवळ्या वयात, हे लक्षात घेऊन पूर्वनियंत्रण व वयानुसार वर्गवारी न्यायालयाने वैध ठरविली. मुख्य मुद्द्यावर अब्बास हरले. परंतु कलेचे मूल्य आणि निव्वळ अश्लीलता यांत विवेक करणारी मार्गदर्शक तत्त्वे नियमांत नाहीत, ही उणीव न्यायालयाने स्पष्टपणे दाखविली. कालमर्यादा आणि स्वतंत्र न्यायाधिकरण या अखेरच्या दोन मागण्या तर सरकारी पक्षाने न्यायालयापुढे मान्यच केल्या.

आश्वासन अमलात येण्यास दशकाहून अधिक काळ लागला. १९८१च्या कायदादुरुस्तीने अपील न्यायाधिकरणाची तरतूद झाली. १९८३ साली 'यूए' वर्ग आला आणि सेन्सॉर मंडळाच्या नावातून सेन्सॉर हा शब्द जाऊन प्रमाणन आले. मंडळाने कापावयाचे नसून प्रमाणित करावयाचे आहे, अशी ग्वाही जणू त्या नामांतरात होती. १ जून १९८७ रोजी अब्बास यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा एका हरलेल्या खटल्याचे फळ कायद्याच्या पुस्तकात नोंदले गेले होते.

ते फळ आता उरलेले नाही. एप्रिल २०२१ मध्ये एका वटहुकुमाने हे न्यायाधिकरण रद्द झाले. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध आता उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. उच्च न्यायालय स्वतंत्र आहे हे खरे. पण तेथील प्रलंबित प्रकरणांचा डोंगर, वकिलांचा खर्च आणि प्रदर्शनाची ठरलेली तारीख यांचा मेळ बसत नाही. बड्या निर्मात्याला ते परवडेल. लहान निर्मात्यापुढे, मराठीतील अल्प भांडवलाच्या निर्मात्यापुढेही, सांगितलेली कापाकापी मुकाट्याने मान्य करणे हाच मार्ग उरतो. अब्बास यांनी जो सोयीचा तोडगा नाकारला, तोच आज अगतिकतेने पत्करावा लागतो.

वयोगट दोनाचे पाच झाले, यात प्रेक्षकाचा लाभ आहे. पण वर्गवारी म्हणजे प्रेक्षकाला दिलेली सूचना. निर्मात्याकडून काटछाट वसूल करण्याचे ते साधन नव्हे. हा भेद टिकवावयाचा तर जलद, स्वस्त आणि तज्ज्ञ अशा स्वतंत्र अपिलाची सोय पुन्हा निर्माण करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १९७० साली भर न्यायालयात दिलेल्या शब्दाचे मोल तेवढे तरी निश्चितच आहे.